गंगेचं गोत्र

लखनौच्या कडेला कुकरैलचं जंगल आहे. तिथल्या प्रजनन केंद्रात नर घरियाल उन्हात निवांत पडलेला असतो. बघत राहावा असा त्याचा जबडा, लांब आणि निमुळता, वरखालचे दात एकमेकांत अडकलेले. पाण्यात तो आडवा फिरला की मासा सुटत नाही. टोकाशी, नाकपुड्यांवर, फुगीर घडा. मादीला तो नसतो. 1970च्या दशकात ही जात संपते की काय, अशी वेळ आली होती. चंबळेच्या वाळूतली अंडी इथं आणून उबवली, पिल्लं जपली आणि पुन्हा नद्यांत सोडली.

शास्त्रात हा गॅव्हिॲलिस गँजेटिकस. पहिला शब्द घरियालच, परदेशी लेखणीत एक अक्षर हुकलेला; दुसऱ्याचा अर्थ गंगेचा. 1789 मध्ये निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिननं त्याला सरड्यांच्या प्रजातीत घातलं होतं, लॅसर्टा गँजेटिका म्हणून. पुढे तो तिथून उठला, मगरींच्या गणात आला, त्याला स्वतःची प्रजाती मिळाली. गंगा मात्र त्याला सुटली नाही. शास्त्राचा दंडकच तसा आहे: प्रजाती बदलली तरी जातीचं नाव राहतं, फार तर लिंगाप्रमाणे त्याचा शेवट बदलतो. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलून टाकायचे. शास्त्र त्या मानानं सभ्य म्हणायचं.

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. शाळेत या पायऱ्या आपण घोकल्या आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिल्या. पण कुकरैलच्या तळ्याकाठी उभं राहून वर चढत जावं. घरियाल, गोमतीतला रोहू, शेतातला सारस आणि कठड्याला टेकलेले आपण, चौघंही एकाच संघात येतो. जन्माआधी चौघांच्याही पाठीत एक लवचिक दोरी तयार होते, पृष्ठरज्जू. हे समजल्यावर आपसूक हात जोडले जातात.

रोहूचं नाव तर थेट नावेतून आलं. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टननं गंगेच्या माशांवरचा ग्रंथ 1822 मध्ये काढला आणि काठावरच्या लोकांच्या तोंडचीच नावं लॅटिनमध्ये बसवली: रोहिता, कटला, मृगाला, कालबासू. शास्त्रीय नावापुढे आज हॅमिल्टन लागतो, मल्लाह लागत नाहीत. हे मला खटकतं.

लखनौतच एका मराठी माणसानंही असंच वर्गवारीचं काम रुजवलं, पण रागांचं. वाळकेश्वरात जन्मलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी हिंदुस्थानी राग दहा थाटांत लावले, आणि 1926 मध्ये तिथं संगीताचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्याच पुढाकारानं. थाट कळला म्हणून यमन गाता येत नाही, पण तो कल्याणच्या घरचा, एवढी ओळख पटते. काही राग थाटात नीट बसत नाहीत, म्हणून गवयांची कुरकुर आजही चालते. प्राण्यांच्या बाबतीत तरी वेगळं काय आहे?

सारसाचंच बघा. लिनियसनं 1758 मध्ये त्याला बगळ्यांच्या प्रजातीत ठेवलं आणि जातीचं नाव दिलं अँटिगनी. ग्रीक कथेतल्या ट्रॉयच्या या राजकन्येला हेरा देवीनं शापून पक्षी केलं होतं. पुढे सारस क्रौंचांच्या ग्रस प्रजातीत गेला. अलीकडे जनुकं तपासली, तेव्हा तीही मोडून त्याची वेगळी प्रजाती मानली गेली, तिचंही नाव अँटिगनी. म्हणून आज तो अँटिगनी अँटिगनी. माणसाच्या उंचीचा, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जोडीनं राहणारा.

उत्तर प्रदेशचा तो राज्यपक्षी. महाराष्ट्रात मात्र तो आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे उरला आहे, तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आसऱ्यानं. पावसाळ्यात तिकडे जाणं झालं, तर बांधीतल्या घरट्यापासून लांबच उभे राहा. त्यात अंडी बहुधा दोनच असतात.