नॅस्टर्शियम, मावा आणि आपण



दिवाळी झाली, चातुर्मास संपला की माझ्या गच्चीवर कुंड्यांची आवराआवर सुरू होते. पावसाळ्यात माती जिवांनी भरलेली असते, म्हणून ते चार महिने मी ती उकरत नाही. नॅस्टर्शियमचा हंगाम आपल्याकडे नेमका त्यानंतर, थंडीच्या तोंडावर सुरू होतो. ही सोय मला फार आवडते.

हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडचं. पानं गोल, छत्रीसारखी, देठ मध्यभागी. फुलं केशरी, पिवळी, लाल. पानावर पाणी पडलं तर कमळाच्या पानासारखे मोती होऊन घरंगळतं, पान कोरडंच राहतं.

लावणं सोपं. बी वाटाण्याएवढं आणि सुरकुतलेलं असतं. ते रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी साधारण 1 ते 2 सेंटिमीटर खोल पेरायचं. रोप उपटून दुसरीकडे लावलेलं याला सोसत नाही, म्हणून जिथे वाढवायचं तिथेच पेरावं. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतो, दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. रोज पाच-सहा तास ऊन हवं. पाणी माती वरून सुकल्यावरच. मी भाजी धुतलेलं पाणी सकाळी, जमीन नीट दिसते तेव्हा घालते.

आणि खत? जवळजवळ नकोच. माती सकस केली, शेणखत भरपूर घातलं की पानांचं रान माजतं आणि फूल एखादंच दिसतं. कसदार मातीतले लुसलुशीत कोंब माव्यालाही अधिक आवडतात. मी बी.कॉम. झालेली बाई, खर्च कमी आणि जमा जास्त असा हिशेब मला इतक्या सरळपणे क्वचितच भेटला. अपरिग्रह शिकवायला हे झाड बरं आहे.

एकदा धाकट्या जाऊबाईंनी विचारलं, "अक्का, भाजीपाला लावलात तर समजू शकते. नुसत्या शोभेसाठी एवढा आरंभ कशाला?"

प्रश्न योग्य होता. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. कारणाशिवाय जमीन खणणं, पाणी सांडणं, वनस्पती तोडणं हे तिथे प्रमादचर्येत येतं. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. घरकामातली आरंभी हिंसा त्याला पूर्ण टळत नाही, पण म्हणून ती विनाकारण वाढवायची मोकळीक मिळत नाही. मग कुंडीतलं फूल कशात बसतं?

याचं उत्तर मला फेब्रुवारीत सापडतं. ऊन वाढू लागलं की नॅस्टर्शियमच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा चढतो. बागकामाची पुस्तकं सांगतात, भाजीच्या वाफ्याशेजारी हे झाड लावा, मावा भाजी सोडून इकडे येईल. याला सापळा पीक म्हणतात. पुढे कीड जमली की फवारा मारा किंवा किडीसकट झाड उपटून टाका, असं असतं. कोणी म्हणतं, रासायनिक नको तर साबणाचं पाणी मारा, ते निर्धोक. निर्धोक माणसाला! मावा त्यानेही मरतोच. सेंद्रिय आणि अहिंसक हे दोन शब्द एक नाहीत, एवढं आपण तरी लक्षात ठेवावं.

मी फवारत नाही. कुंड्यांत अंतर ठेवते, म्हणजे हवा खेळती राहते. शेंडे माव्याने भरले तर ते तसेच राहू देते. पुढे लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे चित्रांग भुंगेरे येतात आणि मावा खातात. तो त्यांचा आहार, त्यात माझा संकल्प नाही. लोक ज्याला सापळा म्हणतात, त्याला मी सदावर्त म्हणते.

झाड मात्र त्या दिवसांत देखणं राहत नाही. शेंडे वाकडे होतात, पानं चिकट आणि पिवळी पडतात. पाहुणे यायचे असले की कुंडी मागे सरकवावी असं मनात येतं. मी ती तिथेच ठेवते. जाऊबाईंना मी हेच सांगितलं, की शोभा टिकवण्यासाठी जीव मारायची वेळ आली, तर ते झाड खरंच अनर्थदंड. त्या दिवशी शोभा सोडायची, जीव नाही.

फुलंही मी तोडत नाही. काहीजण ती आणि तिखटसर पानं कोशिंबिरीत घालतात. पण फुलामागे मधाची लांब नळी असते, आत कोण बसलंय ते शोधून घेणं कठीण. आमच्या ताटात ती येत नाहीत.

सुकलेलं फूल काढलं तर नवी फुलं जास्त दिवस येतात, पण मला बी हवं असतं. एका फुलामागे तीनपर्यंत बिया धरतात आणि पिकल्यावर आपोआप गळतात. त्या वेचायच्या, सावलीत वाळवायच्या, कागदाच्या पुडीत घालून वर साल लिहायचं. कोणाला हव्या असतील तर सांगा, माझ्याकडे शिल्लक आहेत.