पालकाप्याची जननी

करोल बागेतील बाजाराचा कोलाहल मागे टाकून तिब्बिया महाविद्यालयापाशी यावे, की दोन वैद्यकांच्या शेजाराचे स्मरण होते. हकीम अजमल खान यांनी आयुर्वेद आणि युनानी यांना येथे एका छपराखाली आणले. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. एका शास्त्राच्या परिभाषेत दुसऱ्याचे मर्म कितपत सामावते, हा प्रश्न अशा शेजारात अटळच असतो.

तोच प्रश्न हत्तिणीच्या गर्भापाशीही उभा राहतो. आयुर्वेदाची एक शाखा हत्तींसाठी होती. तिचा ‘हस्त्यायुर्वेद’ हा ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. अंगराज रोमपादाला हे शास्त्र सांगणारा पालकाप्य हत्तिणीच्याच उदरी जन्मला, अशी आख्यायिका आहे.

आधुनिक शास्त्रज्ञ हत्तिणीकडे वळले, ते इतर सस्तन प्राण्यांची मोजपट्टी घेऊन. गर्भ राखणारे परिचित संप्रेरक म्हणजे प्रोजेस्टेरॉन. सुमारे २२ महिने गर्भ वाहणाऱ्या हत्तिणीच्या रक्तात ते विपुल असावे, अशी अपेक्षा होती. आढळले ते अत्यल्प. १९९०च्या दशकात उलगडा झाला. तिचा गर्भ मुख्यतः डायहायड्रोप्रोजेस्टेरॉन या त्याच्याच भाऊबंदाच्या आधारावर टिकतो. उणीव हत्तिणीत नव्हती, मोजपट्टीत होती.

अंड सुटण्यापूर्वी पीयूषिका ग्रंथीतून संप्रेरकाच्या दोन लाटा उसळतात. त्यांत सुमारे तीन आठवड्यांचे अंतर असते. अंड सुटते ते दुसऱ्या लाटेने. मग पहिली निष्फळच म्हणायची काय? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले, की पहिल्या लाटेनंतर अंडाशयात जादा पीतपिंडे तयार होतात आणि पुढे गर्भाला आवश्यक ती संप्रेरके पुरविण्यात त्यांचाही वाटा असतो. स्त्रीच्या देहात हे काम काही आठवड्यांनी वार आपल्याकडे घेते. हत्तिणीत पीतपिंडे दीर्घकाळ टिकून राहतात.

हा भेद केवळ ग्रंथालयातला नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात कमलापूरच्या हत्ती कॅम्पात पिल्ले जन्मली आहेत. अशा ठिकाणी रक्तातील योग्य संप्रेरके मोजली, तर गर्भ ओळखता येतो. ती एकाएकी उतरली, की प्रसूती काही दिवसांवर आली असे समजते. निव्वळ प्रोजेस्टेरॉन हुडकणाऱ्याला मात्र गाभण हत्तीणही रिकामी वाटू शकेल.

एका भाषेच्या वाङ्मयात दुसरीचा परिचित प्रकार सापडला नाही, की तेथे पोकळी आहे असे लिहून मोकळे होण्याची सवय तुलनाकारांनाही आहे. पालकाप्याला ती जडली नसावी. त्याने हत्तिणीची गोष्ट आईची म्हणून ऐकली होती.