संशयाला उत्तर देताना

श्रवणयंत्र लावायला लागल्यापासून माझ्या मानसोपचाराच्या कामातली एक जुनी अडचण पुन्हा छळते आहे. पॅरानॉइड व्यक्तिमत्त्वाच्या माणसाने सरळ प्रश्न विचारला, तर उत्तर किती द्यायचं?

न्यू जर्सीतल्या माझ्या दवाखान्यात येणारे एक मराठी गृहस्थ माझ्या कानाकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, हे फोनला जोडलेलं असतं ना?" असतं, ब्लूटूथने. "छे हो, काळजी करू नका" म्हणणं खोटं ठरलं असतं. लगबगीने फोन काढून दाखवला असता, तर एवढी घाई कशाला, हा पुढचा संशय तयारच. मी म्हटलं, "हो, जोडलेलं असतं. रेकॉर्डिंग होत नाही. पण ते तुम्हांला माझ्या शब्दावर मानावं लागेल, आणि ते अवघड आहे." ते खुर्चीच्या हातावरची शिवण नखाने उकरत राहिले. पुढच्या आठवड्यात आले, हेच खूप.

मानसशास्त्रज्ञ झिंबार्डो आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली 'सायन्स'मध्ये एक प्रयोग मांडला होता. संमोहनाने विद्यार्थ्यांना कमी ऐकू येईल असं केलं. कमी ऐकू येण्याचं कारण ज्यांना ठाऊक नव्हतं, ते शेजारच्यांविषयी संशयी झाले. माझंही तेच झालं होतं: यंत्र येण्यापूर्वी बायको आणि सून स्वयंपाकघरात हळू बोलू लागल्या की विषय मीच, अशी माझी खात्री असे.

पॅरानॉइड व्यक्तिमत्त्व विकारासाठी अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं एकही औषध नाही. उरतं ते बोलणंच. आणि संशयाला आधार नसतोच, असंही नाही. अमेरिकेतल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीयांना उपचारांविना ठेवलं. अशा समाजातल्या माणसाला 'विश्वास ठेवा' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मानसोपचारतज्ज्ञ ग्रिअर आणि कॉब्ज यांनी १९६८ सालीच 'ब्लॅक रेज'मध्ये हा संशय जगण्यासाठी लागतो, असं बजावलं होतं.

आता इथल्या कितीतरी दवाखान्यांत संभाषण ऐकून आपोआप नोंद लिहिणारी एआय प्रणाली आली आहे. तरुण सहकारी म्हणतात, वेळ वाचतो. वाचत असेल. पण 'इथे तिसरं कोणी ऐकतंय' ही तक्रार त्या खोलीत अक्षरशः खरी असते. मी हातानेच लिहितो, आणि विचारलं तर वाचून दाखवतो.

ज्याच्यापुढे इतरांनी हात टेकले, असा रुग्ण माझ्याकडे टिकला की मी आतून फुलतो. ही हाव या लोकांना माझ्याआधी दिसते. त्यांच्या विश्वासातून मला काहीतरी हवं आहे, हा त्यांचा संशय बरोबर असतो.