माल्कम म्हणजे कोण?

मुलांनो, महाबळेश्वरला सहलीला गेलात की तिथल्या बाजारात चणे आणि चिक्की घेताच ना? इंग्रजांच्या काळात या गावाचं नाव होतं ‘माल्कम पेठ’. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्यावरून ते पडलं. पण ‘माल्कम’ या शब्दाचा अर्थ काय? तो शोधायला आपल्याला थेट स्कॉटलंडला जावं लागेल. चला, नकाशा उघडा!

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबन नावाचं बंदर आहे. तिथून मोठ्या बोटीनं एका बेटावर उतरायचं, रस्त्यानं त्याचं पश्चिम टोक गाठायचं आणि मग छोट्या बोटीत बसायचं. दहा मिनिटांत येतं आयोना बेट. जेमतेम पाच-सहा किलोमीटर लांब! पाहुण्यांनी आपली गाडी अलीकडच्या काठावरच ठेवायची आणि बेटावर पायी हिंडायचं. दक्षिणेच्या किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यानं गुळगुळीत झालेले हिरवे गोटे सापडतात.

इसवी सन ५६३ मध्ये आयर्लंडहून बारा सोबत्यांसह एक साधू या बेटावर आला. त्याचं नाव कोलंबा. लॅटिन भाषेत कोलंबा म्हणजे कबुतर. त्यानं इथं मठ उभारला. तेव्हा छापखाने कुठले? मठातले साधू एकेक ग्रंथ हातानं लिहून काढत. कोलंबा ५९७ मध्ये वारला, पण मठ चालत राहिला. पुढे समुद्रावरून व्हायकिंग लुटारू येऊ लागले. ८०६ मधल्या हल्ल्यात तर त्यांनी इथल्या ६८ जणांना ठार मारलं. तरीही कोलंबाचं नाव काही पुसलं गेलं नाही. आठव्या शतकातला एक उंच दगडी क्रूस आजही तिथं उभा आहे.

त्या काळी साधू डोक्याचा काही भाग भादरत. गेलिक भाषेत अशा मुंडन केलेल्या माणसाला ‘मेल’ म्हणत, म्हणजेच सेवक. ‘मेल कोलम’ म्हणजे कोलंबाचा सेवक, आणि त्याचंच झालं माल्कम! आपल्याकडे राम हे नाव आहे आणि रामदासही आहे. तसंच तिकडे कोलंबावरून आलेलं ‘कॅलम’ आहे आणि ‘माल्कम’ही. दोन्ही नावं स्कॉटलंडमध्ये आजही मुलांना ठेवतात.

गंमत अशी, की हे सेवकाचं नाव चक्क चार राजांनी लावलं! त्यांतला तिसरा माल्कम सर्वांत प्रसिद्ध. त्याचा बाप डंकन याला १०४० मध्ये मॅकबेथनं मारलं आणि राज्य घेतलं. १०५७ मध्ये माल्कमशी झालेल्या लढाईत मॅकबेथ मारला गेला आणि पुढच्या वर्षी माल्कम गादीवर बसला. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ नाटकात हा माल्कम भेटतो. नाव सेवकाचं, पण यानं आयुष्यभर लढायाच केल्या. शेवटी १०९३ मध्ये लढाईतच तो पडला.

हळूहळू या नावाचं आडनावही झालं. १७६९ मध्ये स्कॉटलंडच्या दक्षिण भागात जॉन माल्कम जन्मले. १८२७ ते १८३० या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांनी १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना खंडाळा गाव देऊन महाबळेश्वर घेतलं. तिथं साहेबांसाठी थंड हवेचं ठिकाण वसलं आणि त्याला नाव मिळालं माल्कम पेठ. म्हणजे बघा हं, ज्या नावाचा अर्थ ‘सेवक’, तेच नाव आपल्या डोंगरावर राज्यकर्त्याचं नाव म्हणून आलं!

नावाचा अर्थ एक आणि नाव लावणाऱ्याचं काम दुसरंच, असंही होतं. अर्थ आयता मिळतो, पण त्याला जागायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तुमच्या नावाचा अर्थ काय? ते कुणी ठेवलं आणि का? आज घरी आजी-आजोबांना नक्की विचारा. आणि हो, आईबाबांच्या नावांचा अर्थही विचारायला विसरू नका!