एक चौकोन माझ्या वाट्याचा

लोह्यात, आपल्याच घरात बसून आफ्रिकेतल्या मलावी देशातलं एखादं खेडं नकाशावर आणता येतं, हे मला इतकी वर्षं कुणी कसं सांगितलं नाही! पैसे लागत नाहीत, वशिला लागत नाही, अनुभवाचं प्रमाणपत्र लागत नाही. लॅपटॉप, बऱ्यापैकी नेट आणि जेवणखाण आटोपल्यावरचा तासभर, एवढ्यावर भागतं.

हे ज्यावर होतं तो ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कुणीही भरावा आणि कुणीही वापरावा असा जगाचा नकाशा. तो 2004 साली इंग्लंडमध्ये सुरू झाला. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा तिथल्या राजधानीचा धड नकाशाही कुणाकडे नव्हता. मग देशोदेशींच्या लोकांनी उपग्रहाची छायाचित्रं बघून घरबसल्या रस्ते काढले आणि तोच नकाशा मदतपथकांनी वापरला! त्यातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. पुढे 2014 मध्ये रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्यासोबत तिने ‘मिसिंग मॅप्स’ सुरू केलं. संकट यायच्या आधीच नकाशा तयार ठेवायचा, हा त्यामागचा विचार.

हे वाचताना आमच्या भागातल्या कुणालाही किल्लारीचा भूकंपच आठवणार. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली, सुमारे दहा हजार माणसं दगावली. मदतीला सगळा महाराष्ट्र धावला. पण ज्याला घर सोडून येणं शक्य नव्हतं, त्याने फार तर पैसे, धान्य, कपडे पाठवायचे. त्याची नजर आणि त्याचा वेळ घेण्याची सोयच नव्हती. आज ती आहे!

आणि काय सुरेख सोय आहे! संकेतस्थळावर सगळा मुलूख चौकोनांत कापलेला. आपण एक चौकोन उचलायचा. दोन तास तो आपल्या नावावर राहतो, दुसरं कुणी त्यात हात घालत नाही. काम अर्धवट राहिलं तरी हरकत नाही, चौकोन आपोआप मोकळा होतो आणि पुढचा माणूस तिथून सुरू करतो. उपग्रहाच्या छायाचित्रात दिसणाऱ्या घराच्या चार कोपऱ्यांवर टिचक्या मारायच्या, ‘इमारत’ म्हणून नोंदवायचं आणि क्यू हे अक्षर दाबायचं, की वाकडेतिकडे कोपरे काटकोनात! गोल झोपडी असेल तर ओ दाबायचं. काय काढायचं आणि काय सोडायचं हे शेजारीच लिहिलेलं असतं. झालेला चौकोन दुसरं कुणीतरी तपासतं. माझा पहिला चौकोन तपासणाऱ्या अनोळखी माणसाने दोन ओळी लिहून आभार मानले, तेव्हा मी जागेवरून उठून उभीच राहिले.

“काय करायलीस गं इतक्या रात्री?” आईने विचारलं. तिला लॅपटॉपचा पडदा दाखवला. पत्र्याची छपरं उन्हात चमकतात, ती लगेच दिसतात. गवताची छपरं मात्र जमिनीच्या रंगात मिसळून जातात. आईचं सगळं बालपण खेड्यात, माळवदाच्या घरात गेलेलं. तिने चष्मा लावला, घराची सावली कुठल्या बाजूला पडलीय ते बघितलं आणि बोट ठेवलं, “हे घर आहे. अन् ते गोल दिसतंय ना, त्याला सावलीच नाही. ते खळ्यासारखं काहीतरी असंल.” मराठवाड्याच्या खेड्यात वाढलेल्या बाईची नजर मलावीत कामाला आली!

आपल्या नांदेड-लातूरकडच्या संस्थांनी हे बघायलाच हवं, असं मला अगदी मनापासून वाटतं. आपल्याकडे स्वयंसेवक म्हणजे शिबिराला हजर राहणारा, सतरंज्या उचलणारा. बाळंतीण, नोकरीपायी पुण्या-हैदराबादला गेलेली पोरं, पायाने अधू असलेला हुशार मुलगा, यांना आपण कामच देत नाही. आणि दिलं तर कसं? ‘जमेल तशी मदत करा’ असा निरोप ग्रुपवर टाकायचा. तेवढ्याने माणूस हलत नाही. तासाभरात संपेल एवढा कामाचा तुकडा, काय करायचं ते साध्या भाषेत लिहिलेलं, तपासायला जाणता माणूस आणि झालेल्या कामाची पोच, एवढं संस्थेने केलं की दूरचा माणूस टिकतो. त्यासाठी संस्थेतल्या कुणीतरी आधी बसून तुकडे पाडावे लागतात, आणि खरी मेहनत तीच आहे.

घरबसल्या सगळं होत नाही, हेही कळलं. वरून छप्पर दिसतं, वस्तीचं नाव दिसत नाही. म्हणून मिसिंग मॅप्समध्ये दूरचे लोक घरं-रस्ते काढतात आणि नावं तिथलेच लोक भरतात. आमच्या बाजूच्या एका तांड्याची वाट नकाशात नव्हती. पुण्यातल्या चुलतभावाला फोन केला, त्याने त्याच रात्री वाट आणि घरं नकाशात काढून दिली. आता तांड्याचं नाव, शाळा, हातपंप हे सगळं तिथल्या लोकांना विचारून भरायचं माझ्याकडे आहे. रविवारी मी तिकडेच निघालेय, आणि आई म्हणतेय, मीपण येते.