ढकलपास

मराठीतले काही शब्द तोंडाने कमी आणि हाताने जास्त बोलले जातात. ‘ढकलपास’ त्यातलाच. कुणालाही उच्चारायला सांगा, बंद पडलेली रिक्षा ढकलावी तसा हात आपोआप पुढे जातो. आमच्या घरी हा शब्द सणासुदीला हमखास निघतो. बाबा कट्टर कमळवाले, काका पंजावाले. क्रिकेट, पाऊस, पेट्रोल सगळं बोलून झालं की गाडी शिक्षणावर येते आणि मग जेवणं लांबतात!

काकांच्या मते २००९ चा शिक्षण हक्क कायदा ही ‘त्यांच्या’ सरकारची सगळ्यात भारी कामगिरी. एप्रिल २०१० पासून तो लागू झाला आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायला बंदी आली. नापासाचा शिक्का नाही, मधेच शाळा सोडणं नाही. बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘‘म्हणूनच आठवीतल्या पोरांना वाचता येत नाही!’’ मग प्रकाश जावडेकर येतात. ते मंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीवर जानेवारी २०१९ मध्ये संसदेचं शिक्कामोर्तब झालं. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झाल्यास दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तरीही नाही जमलं तर? मुलाला मागे ठेवायचं की नाही ते राज्यांनी ठरवायचं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले आणि ठेवायचं ठरवलं.

पत्रकारितेच्या सवयीने मी जरा जुनी कात्रणं चाळली, तर काय सॉलिड गोंधळ! २०१२ मध्ये केंद्रात काँग्रेसचंच सरकार असताना याच प्रश्नावर एक समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण, तर हरियाणाच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्री गीता भुक्कल, त्याही काँग्रेसच्याच. समितीने सांगितलं, टप्प्याटप्प्याने नापास करणं परत आणा. हे ऐकून काका ताटात बघायला लागले. बाबा खुशीत. पण तमिळनाडूत २०१९ मध्ये पाचवी-आठवीच्या सार्वजनिक परीक्षा जाहीर करणारं अण्णाद्रमुकचं सरकार तेव्हा भाजपचं मित्र होतं, आणि विरोध पेटल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये त्यानेच तो निर्णय मागे घेतला. दिल्लीत ‘आप’चं सरकार तर २०१५ पासूनच मुलांना नापास करू द्या म्हणून केंद्राच्या मागे लागलेलं. म्हणजे एरवी रोज भांडणारे ‘आप’ आणि भाजप इथे एकाच बाकावर!

पक्षापक्षांत मतं इतकी फिरतात, कारण पास-नापासचा निर्णय स्वस्त असतो. एक अधिसूचना काढली की झालं. शिकवणं महाग पडतं.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीचे आकडे बघा. २००६ मध्ये, म्हणजे हा कायदा यायच्या आधी, ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. २०१८ मध्ये हे प्रमाण होतं ५०.३ टक्के. (२०२२ मध्ये ते ४२.८ वर घसरलं, पण मधे कोविडमध्ये शाळाच बंद होत्या.) कायद्याच्या आधीही निम्मी, नंतरही निम्मी. बाबा म्हणतात ढकलपासने वाट लावली. पण मग आधी कोणी लावली होती?

मुळात कायद्याने परीक्षा काढून वर्ग मोकळे सोडा असं कुठेच म्हटलेलं नव्हतं. त्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन होतं. मूल कुठे अडतंय ते वर्षभर बघायचं आणि तिथल्या तिथे हात द्यायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर, वर्षभर तोंड न उघडता मार्चमध्ये रेटिंग हातात ठेवणाऱ्या मॅनेजरऐवजी दर आठवड्याला शेजारी बसून काम दाखवणारा बॉस. स्वप्नच ना? शाळेतही ते बऱ्याच ठिकाणी स्वप्नच राहिलं. ‘आकारिक’, ‘संकलित’ असे भारदस्त शब्द आले, नोंदवह्या आल्या. एका लेखासाठी मी काही शिक्षकांशी बोलले, तर एक बाई म्हणाल्या, ‘‘नोंदी लिहिण्यात इतका वेळ जायचा की ज्याच्याबद्दल लिहितोय त्या पोराकडे बघायलाच व्हायचं नाही.’’

म्हणून परीक्षा परत आणा, हे मला तरी इतकं सोपं वाटत नाही. त्याचं कारण माझी आत्या.

बाबांचा लाडका डायलॉग आहे, ‘‘मी नववीला दोनदा बसलो. काय बिघडलं?’’ गेल्या गणपतीत आत्या लसूण सोलता सोलता शांतपणे म्हणाली, ‘‘तुझं काही नाही बिघडलं, दादा.’’ ती सातवीत गणितात नापास झाली होती. तीन मार्कांनी. बाबा नापास झाले तेव्हा आजोबांनी त्यांना तालुक्याला शिकवणी लावली होती. आत्याच्या वेळी म्हणाले, ‘‘पुरे आता.’’ पुढच्या जूनमध्ये ती शेतावर होती आणि अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण पास-नापासच्या वादात त्याआधी कुणीच ते काढलं नव्हतं. त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत. काकाही नाहीत, आणि हा पॉइंट तर त्यांच्या बाजूचा होता!

केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय विद्यालयं, नवोदय अशा आपल्या शाळांमध्येही मागे ठेवण्याचा नियम आणला. मला मात्र केरळचा प्रयोग जास्त इंटरेस्टिंग वाटतो. तिथल्या डाव्या सरकारने २०२४-२५ पासून आठवीच्या लेखी परीक्षेत प्रत्येक विषयाला किमान ३० टक्के मार्कांची अट घातली. ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांच्यासाठी ऐन एप्रिलच्या सुट्टीत जादा वर्ग घेतले, मग पुन्हा परीक्षा. तीही नाही जमली तरी नववीत प्रवेश. परीक्षा आहे, पण तिने शाळेचं दार बंद होत नाही. यावर तिथे डाव्यांच्याच गोटातून टीका झाली, म्हणजे पक्षांची गंमत तिथेही आहेच.

आमच्या सोसायटीच्या वॉचमनकाकांचा मुलगा यंदा सातवीत आहे. पालिकेच्या शाळेत जातो, हुशार आहे, अख्ख्या सोसायटीच्या गाड्यांचे नंबर त्याला पाठ. त्याच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ अशी नोंद आहे. आणि बरं का, पाचवीची नवी वार्षिक परीक्षाही तो रीतसर पास झालाय. पण ‘प्रश्न’ हा शब्द त्याला वाचता येत नव्हता. ‘परशन’ म्हणायचा आणि पुढच्या ओळीवर उडी मारायचा.

आठवीची परीक्षा त्याला पुढच्या वर्षी आहे. दर रविवारी सकाळी दहा ते अकरा आम्ही पार्किंगमध्ये बसतो. जोडाक्षरं चालू आहेत. ‘श्र’ आणि ‘ष्ट’ झालेत, रफार अजून चकवतो.