सूळ आणि भिंत

निलंबनाचा आदेश जेमतेम एका पानाचा असतो. भांडारातले पीव्हीसी पाइप पडताळणीत कमी भरले, प्रथमदर्शनी मी जबाबदार दिसतो, सबब चौकशी होईपर्यंत निलंबित. शेवटी एक ओळ : या काळात मुख्यालय फलटण राहील, परवानगीशिवाय ते सोडता येणार नाही. मी माळकरी. दरवर्षी रजा टाकून आळंदीपासून पंढरपूरपर्यंत दिंडीत चालायचो. मला पाइपांच्या ओळीपेक्षा ही शेवटची ओळ जास्त टोचली.

मी एका निमसरकारी कार्यालयात भांडारपाल होतो. पाइप मी नेले नव्हते. ज्या गेटपासवर ते बाहेर गेले त्यावर माझ्या नावाची सही होती, पण ती मी केलेली नव्हती. कुणी केली असेल याचा अंदाज होता. अंदाजावर बोट दाखवायचं नाही, एवढं ठरवलं होतं.

माळकऱ्यावर चोरीचा आळ आला की गावाला दुप्पट चव येते. ‘गळ्यात माळ, गाडीत माल’ हे कुणी जोडलं माहीत नाही, पण आठवड्याच्या आत ते आमच्या आळीत पोचलं. किराणावाल्याने वही बंद केली. निर्वाह भत्ता सुरुवातीला निम्म्या पगाराएवढा, पुढे वाढून पाऊण. आणि तो मिळवायला दर महिन्याला लिहून द्यायचं की मी दुसरीकडे कुठे काम करत नाही. म्हणजे पोट अर्धं आणि हात बांधलेले. हिने फॉल-पिकोचं मशीन घेतलं, त्यावर मुलीची फी निघत गेली.

या काळात विठ्ठलावर माझी श्रद्धा जराही ढळली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. हरिपाठाला बसायचो आणि ओठ हलायचे, मन गेटपासच्या सहीपाशी असायचं. एकदा तर तसबिरीसमोर बसून मी त्याच्याशी चक्क भांडलो. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, ती धरली. न धरून करणार काय, घरात दुसरं काही माझ्या हातात राहिलंच नव्हतं.

मग एक मध्यस्थ आला. चहा पिता पिता म्हणाला, ‘‘निष्काळजीपणा झाला, एवढंच लिहून द्या. वसुली हप्त्याने करू, महिनाभरात कामावर घेतील. एक वेतनवाढ जाईल, काय मोठंसं?’’ कागद टाइप करूनच आणला होता. हिचं म्हणणं पडलं, करून टाका, पोरीचं शिक्षण आहे. तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मी कागद परत दिला. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. सही केली असती तर दुसऱ्या दिवशी टाळ हातात घेताना लाज वाटली असती, एवढाच हिशेब होता.

भेटायला येणारे दोन तऱ्हेचे. एक म्हणायचे, प्रारब्ध आहे, भोगून संपवायचं. हे बोलणं मला कधी पटलं नाही. ज्याने पाइप विकले त्याचा हात यात कुठेच येत नाही, सगळं माझ्याच मागच्या जन्मावर ढकललं जातं. दुसरे जनाबाईची गोष्ट सांगायचे. विठ्ठलाचं पदक तिच्याकडे सापडलं, चोरीचा आळ आला, चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेली आणि सुळाचं पाणी झालं. तुमचंही होईल बघा, असं म्हणून ते उठायचे.

मला तेव्हा चोखोबा जास्त जवळचे वाटले. हाराच्या चोरीचा आळ त्यांच्यावरही आल्याची कथा आहे. बैलांना बांधून ओढण्याची शिक्षा झाली आणि बैल हलले नाहीत, असं कीर्तनकार सांगतात. पण पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि त्याखाली ते गेले, 1338 साली. त्या भिंतीचं पाणी झालं नाही. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे, म्हणजे देवळाबाहेरच. त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं गेली. देवाने जवळ केलेला माणूस आणि न्याय मिळालेला माणूस एकच असेल असं नाही, हे मी तिथे शिकलो. अन्याय मिटावा म्हणून शेवटी माणसालाच बसावं लागतं, हेही.

म्हणून मीही बसलो, कागद घेऊन. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात वॉचमनच्या वाहन नोंदवहीच्या प्रती मागितल्या. नाकारल्या. अपील केलं, मग दोन रुपये पानाने मिळाल्या. त्या गेटपासच्या तारखेला रविवार होता आणि गाडी संध्याकाळी बाहेर पडल्याची नोंद होती. त्या रविवारी मी किल्ल्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून दुसऱ्याच्या ताब्यात दिल्या होत्या आणि जुन्या सवयीने पावतीची कार्बन प्रत घरच्या ट्रंकेत ठेवली होती. कुणी याला पांडुरंगाची कृपा म्हणतं. असेलही. पण कार्बन मीच घातला होता.

आदेश काढणाऱ्याच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. माउलींच्या पालखीचा मुक्काम फलटणला असतो. मला दिंडीकडे जायची बंदी होती, दिंडीला माझ्याकडे यायची नव्हती. पहिल्या वर्षी आमची माणसं आली तेव्हा मी चुलीपाशी पिठलं ढवळत होतो, मान वर करायचं टाळत होतो. दोघा-तिघांनी ओळख दाखवली नाही. जेवणं झाल्यावर विणेकरी बुवा आले. दिंडीच्या भिशीची पिशवी, नोटा-चिल्लर सगळी एकात, माझ्या मांडीवर ठेवली. ‘‘माउली, मोजून वहीत लिहा. आमचा हिशेब दोनदा चुकलाय.’’ बसले तिथेच, पान लावत. मी नोटा लावल्या, चिल्लरीचे ढीग केले, आकडा लिहिला, सही केली. चौकशीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. ज्यांनी ओळख दाखवली नव्हती ते बघत उभे होते.

त्या रात्री मला झोप लागली. महिनोन्महिने नीट लागली नव्हती.

विभागीय चौकशी पुढे रेंगाळत चालली. तारखा पडायच्या, कधी सादरकर्ता अधिकारी नाही, कधी साक्षीदार रजेवर. निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ माझे बचाव सहायक झाले, पैसे घेतले नाहीत. हस्ताक्षर तज्ज्ञाचा अहवाल आला आणि सही माझी नाही हे ठरलं. दोषारोप सिद्ध होत नाहीत, निलंबनाचा काळ कर्तव्यकाळ धरावा, असा आदेश निघाला. तोही एका पानाचाच. पगाराचा फरक मिळाला, किराणावाल्याने पुन्हा वही उघडली. वारी पुढच्याच ज्येष्ठात केली, आळंदीपासून.

गेटपासवर सही कुणी केली याचा तपास कुणी केला नाही. मधल्या काळात माझ्या मागचे लोक पदोन्नती घेऊन पुढे गेले. मानीव दिनांकासाठी मी अर्ज केला आहे, स्मरणपत्रं पाठवतो आहे. ज्येष्ठता यादीत माझं नाव अजून खालीच आहे.